चुनरीच्या कुंडीतली हुमणी

कोल्हापूर,
गुरुवार, ४ डिसेंबर

प्रिय फातिमा हिला,

आठवतं का बघ. सातवीतली एक दुपार, शाळा सुटलेली, आणि फाटकाबाहेरच्या चिंचेखाली तुझ्या सायकलची चेन पडलेली. तू खाली बसून ती चढवत होतीस आणि मी तुझं नि माझं अशी दोन दप्तरं छातीशी धरून उभी होते. चेन बसली, तू उठलीस आणि ते काळेकुट्ट हात माझ्या पांढऱ्या मोज्यांना पुसलेस. (तुझे मोजे खराब झाले असते तर अम्मी रागावली असती, आणि माझी आई रागवत नाही, हे तुझं त्यामागचं तत्त्व.) घरी सांग की पडले म्हणून, असं तू मला बजावलंस. मी मान डोलावली, घरी गेले, आणि आईनं ‘मोजे कशानं गं?’ असं पुरतं विचारायच्या आत सगळं सांगून मोकळी झाले. चेन सांगितली, ग्रीस सांगितलं, तुझं नाव सांगितलं; शिवाय आदल्या आठवड्यात चॅपेलमागच्या आवळ्याला आपण मारलेले दगडही सांगितले, जे कुणी विचारलेच नव्हते. तेव्हापासून वर्गात ठरून गेलं की संयोगिताला खोटं बोलता येत नाही. सिस्टर बेनेडिक्टा तर कुठं काही फुटलं की सरळ मलाच उभं करायच्या.

हे आज आठवायचं कारण असं की गेला दीड महिना मी दर रविवारी फोनवर तुझ्याशी खोटं बोलते आहे, आणि चांगलं बोलते आहे. सहासष्टाव्या वर्षी माणसाच्या अंगी एखादी नवी कला येते तिचं कौतुक व्हायला हवं, पण ते कौतुक तुझ्याकडूनच करून घ्यायची सोय नाही.

असो. आधी रीतीप्रमाणे विचारते. तुझे गुडघे कसे आहेत? मदिहा जेवते ना नीट, की बाळंतीण असून संगणकापुढं बसून बिस्किटं खाते? अबुजर मान धरायला लागला असेल. त्याच्या गालाला माझ्या वतीनं हात लाव (धुऊन). इकडं आम्ही दोघं बरे आहोत. यांचा रक्तदाब ठीक आहे, माझा वर-खाली होतो, आणि तो का होतो हे पुढं येईलच.

हे पत्र आदर्शच्या हाती देते आहे. माझा हा भाचा तुला ठाऊक आहेच. महिन्यातून एकदा गाडी घेऊन बेंगळुरूला जातो, गाडी सावकाश चालवतो आणि प्रश्न विचारत नाही. तू हे वाचत असशील तेव्हा तो तुझ्यासमोर बसलेला असेल आणि जी कुंडी त्यानं आणायला हवी होती ती त्याच्याजवळ नसेल. त्याला काही विचारू नकोस, त्याला काही माहीत नाही. त्याला चहा दे आणि तू बसून घे.

गेल्या रविवारी तू म्हणालीस, ‘संयू, मदिहा सोडत नाही गं मला, मी आता इथंच राहीन म्हणते. अम्मीची चुनरी तेवढी आदर्शबरोबर पाठवून दे.’ मी म्हणाले, ‘पाठवते की.’ फोन ठेवला आणि जेवणाच्या टेबलाशी जाऊन बसले. कारण फातू, पाठवायला चुनरी नाही.

थांब, रडू नकोस. पूर्ण वाच. पत्र चार पानी आहे, ते एका दमात लिहून संपवायचं म्हणून मी आज कुकरसुद्धा लावलेला नाही.

ऑगस्टमध्ये लेकीच्या बाळंतपणाला बेंगळुरूला जाताना तू ती कुंडी माझ्या हॉलच्या खिडकीत ठेवलीस, पानांवरून एकदा हात फिरवलास आणि म्हणालीस, ‘अम्मीच्या हातचं एवढंच राहिलंय. सांभाळ.’ बिगोनियाच तो, नर्सरीत ढिगानं मिळतो. पण अम्मीच्या खिडकीत डालड्याच्या डब्यात वाढलेला, पांढऱ्या ठिपक्यांच्या पानांमुळं तिनं ‘चुनरी’ नाव ठेवलेला, आणि ती गेल्यावर दोन वर्षं तू जपलेला. मी तुला वचन दिलं. फार माया करून दिलं. आणि तीच माया झाडाच्या मुळावर आली.

माझा स्वभाव तुला माहीत आहे. घरात आलेल्या माणसाला मी उपाशी ठेवत नाही. चुनरीला रोज सकाळी पाणी, संध्याकाळी पुन्हा थोडं पाणी, शिवाय दुधाचं पातेलं विसळलेलं पाणी (वाया कशाला घालवायचं, असलं म्हशीचं दूध तुला तिकडं मिळत नाही म्हणून तू रडतेस ना), आणि गाळणीतला चहाचा चोथा. आमच्या उदयसिंहांनी सारी नोकरी पाटबंधारे खात्यात काढली. ते पहिल्याच आठवड्यात म्हणाले, ‘अगं, उसालासुद्धा पंधरा दिवसांनी पाण्याची पाळी देतात. तू त्या झाडाचा कालवा केलायस.’ मी लक्ष दिलं नाही. या माणसाला निवृत्त होऊन आठ वर्षं झाली, पण अजून ते आमटीत किती पाणी सोडावं यावरही मत देतात. त्यामुळं एखादं मत बरोबर असलं तरी ते ओळखू येत नाही.

मग आलं नवरात्र. आता इथं जे घडलं ते तूच समजू शकशील, कारण आमच्या घटांना तू लहानपणापासून पाहते आहेस. आमच्या सासरची रीत अशी की घटाची माती विकतची चालत नाही, ती आपल्या रानातलीच लागते. नेसरीहून जोतीराम, जे आमचं शेत बघतात, ते दर वर्षी बुट्टीभर माती डोक्यावरून आणल्यासारख्या भक्तीनं एसटीतून मांडीवर घेऊन येतात. घट बसतो, धान्य पेरतो, नऊ दिवसांत ते हातभर पिवळं वाढतं, दसऱ्याला डोक्यावर खोवतो, आणि मग प्रश्न उरतो मातीचा. पूर्वी ती पंचगंगेत सोडत होतो. आता नदीत काही टाकू नका म्हणतात, आणि खरंच आहे ते. कचऱ्यात टाकायला जीव धजत नाही. गॅलरीतल्या तुळशीला घातली, तरी अर्धी बुट्टी उरली. मी हॉलमध्ये बुट्टी घेऊन उभी होते आणि समोर चुनरी. कुंडीतली माती दोन बोटं खाली बसलेली. माझ्या मनात आलं की नऊ दिवस देवीपुढं बसलेली माती, हिच्यासाठी घरातली सगळ्यात लाडकी कुंडी कोणती? मी हात जोडले, अम्मीचीही मनातल्या मनात परवानगी घेतली (ती दर वर्षी आमच्या दसऱ्याचं सोनं पदरात बांधून न्यायची, ती नाही म्हणालीच नसती) आणि अर्धी बुट्टी माती चुनरीच्या बुंध्याशी घालून हातानं थापून बसवली. वर एक तांब्या पाणी.

आठवड्यानं यांच्या चहात एक चिलट पडलं. दुसऱ्या दिवशी दोन पडली. दिवाळीच्या फराळाला माणसं आली तेव्हा हॉलमध्ये चिलटांचा असा थवा होता की पाहुणे चिवड्यावरून हात फिरवत खात होते, आणि मला वाटलं की नमस्कार करताहेत. आधी मी केळ्यांना दोष दिला, मग मोरीला, मग खालच्या मजल्याला. शेवटी आमच्या कामाच्या बनाबाईंनी कुंडी हलवली आणि मातीतून धूर निघावा तशी चिलटं वर आली. ‘वैनीसाब,’ त्या म्हणाल्या, ‘ह्यो तर कारखाना हाय की! आनि मालकीन तुमीच.’

यापुढं मी जे उपाय केले ते तुला सांगते, पण मदिहाला सांगू नकोस. ती मला सुशिक्षित समजते.

पहिला उपाय लाल तिखटाचा. कोल्हापुरातल्या बाईला दुसरं सुचणार तरी काय? मुंग्यांना तिखट, सर्दीला तिखट, रुसलेल्या नवऱ्याला तिखट. मी घरची, वर्षाची, कांदालसूण घातलेली चटणी चमचाभर मातीवर पसरली. (नुसतं तिखट संपलं होतं.) चिलटांना ती आवडली असावी. यांनी हॉलमध्ये येऊन पंखा लावला, आणि पुढचे दोन दिवस आम्ही नवरा-बायको एकमेकांकडं पाहून रडत होतो. लग्नात मी एवढी रडले नव्हते.

दुसरा उपाय पिवळ्या कागदाचा. चिलटं पिवळ्या रंगावर येतात आणि चिकट कागदाला चिकटतात, हे खरं आहे, नर्सरीत तसे तयार कागद मिळतात. मी तयार कशाला घेऊ? घोटीव पिवळा कागद आणला, त्याला एरंडेल फासलं आणि खिडकीत दोऱ्यानं टांगला. पहिल्या दिवशी सात चिलटं आणि यांची टाळू. ते खिडकीत पेपर वाचायला वाकले आणि उठले तेव्हा कागद डोक्यावर घेऊनच उठले. त्याच वेळी खालच्या मजल्यावरच्या बाई मुलीच्या साखरपुड्याचं बोलावणं घेऊन आल्या. त्यांनी यांच्याकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं, आणि हळूच विचारलं, ‘तुमच्यात काही हळदीचा कार्यक्रम आहे का?’

तिसरा उपाय, म्हणजे खरं तर परीक्षा. मातीत अळ्या आहेत की नाहीत हे ओळखायचं असेल तर कच्च्या बटाट्याच्या चकत्या मातीवर ठेवायच्या आणि दोन दिवसांनी उलटून पाहायच्या. अळ्या असल्या तर खालच्या बाजूला जमतात. हे मी वाचलं आणि मला आपली जीवशास्त्राची प्रयोगशाळाच आठवली. चुनरीसकट घरातल्या नऊ कुंड्यांत मी दोन-दोन जाड चकत्या ठेवल्या, वहीत नोंद केली, यांचं टपाल तिकिटांचं भिंग काढून पुसून ठेवलं. दुसऱ्या दिवशी चुनरीतली एक चकती न राहवून उचलून पाहिली. फातू, खाली दोऱ्यासारख्या, काचेसारख्या आरपार अळ्या, आणि प्रत्येकीचं डोकं मोहरीच्या फुटक्या दाण्याएवढं काळं! मला इतका आनंद झाला की मी चकती परत ठेवली आणि सगळा निकाल एकदम लावायचं ठरवून भिशीला गेले. परत आले तर नऊही कुंड्या मोकळ्या. स्वयंपाकघरात बनाबाई.

‘बटाटं कुनी मातीत फेकलं हुतं वो? चांगलं अठरा तुकडं. म्या धुतलं, सोललं आनि भाजी टाकली. साहेबांनी दोनदा घेतली.’

मी हॉलमध्ये गेले. उदयसिंह ढेकर देऊन म्हणाले, ‘आज भाजीला काही वेगळीच चव होती. असंच करत जा.’

मी काही बोलले नाही. माझ्या मौनाची सुरुवात इथं झाली हे लक्षात ठेव. एक सत्य गिळलं की पुढची सोपी जातात.

चौथ्या उपायाबद्दल मला खरीच लाज वाटते. भिंगातून मातीवर मला रव्याएवढे पांढरे जीव दिसले, बोट लावलं की टुणकन उडी मारणारे. मी म्हटलं, हेच ते गुन्हेगार. साबणाचं पाणी केलं आणि आठवडाभर रोज ओतलं. पुढं कळलं की ते बिचारे कुजलेला पालापाचोळा खाऊन जगणारे, झाडाला मुळीच त्रास न देणारे. म्हणजे निरपराध तेवढे मी मारले, आणि त्यासाठी जे तांब्या-तांब्या पाणी ओतलं त्यात चिलटांनी पोरंबाळं वाढवली.

तोवर चुनरीची पानं गळायला लागली होती. आधी एक, मग रोज एक. शेंडे माना टाकायचे. माना टाकल्या की मला वाटायचं तहान लागली, म्हणून मी अजून पाणी घालायची. आणि दर रविवारी चार वाजता तुझा फोन. पहिल्या रविवारी मी ‘मजेत आहे’ म्हणाले. दुसऱ्या रविवारी ‘नवं पान येतंय’ म्हणाले. तिसऱ्या रविवारी तू व्हिडिओ लावलास आणि म्हणालीस, ‘दाखव ना, अबुजरला पणजीचं झाड दाखवते.’ त्या दिवशी सकाळी झाडावर चार पानं होती. तू जे भरगच्च झाड पाहिलंस, आणि ‘माशाल्ला’ म्हणालीस, त्यातली सहा पानं गळून पडलेली होती, ती मी खराट्याच्या काड्यांना दोऱ्यानं बांधून मातीत खोचली होती. फोन मी लांबून धरला आणि नेट खराब आहे म्हणाले. नेट चांगलं होतं, फातू.

दुसऱ्या दिवशी मी ती कुंडी मांडीवर घेऊन रिक्षानं कळंब्याच्या रस्त्याला मीरासाबांच्या नर्सरीत गेले. सत्तरीचे गृहस्थ आहेत, तोंडानं फटकळ, हातानं हळुवार. त्यांनी कुंडी पाहिली, मातीत बोट घातलं, बोटाचा वास घेतला.

‘वैनी, हे झाड हाय का म्हस?’

मी म्हणाले, झाड.

‘मग एवढं पानी का पाजताय? चिलटं वल्या मातीत अंडी घालत्यात. वरची दोन बोटं माती वाळू दिली असती तर अर्धी आपसूक मेली असती. आनि वरनं नवी माती कुठली घातली?’

‘घातली थोडीशी,’ मी म्हणाले.

‘कुठली?’

‘अशीच. घरातली.’

त्यांनी गोणपाट अंथरलं, कुंडी आडवी केली, तळाला चापट मारली आणि मातीचा गोळा बाहेर काढला. मुळं जवळजवळ नव्हतीच. आणि गोळ्याच्या मधोमध, घर बांधून राहिल्यासारखी, अंगठ्याएवढी जाड, पांढरी, वाकडी होऊन पडलेली तांबड्या डोक्याची एक अळी! मी किंचाळले. नर्सरीतली दोन गिऱ्हाइकं पळत आली.

‘वरडू नका, हुमणी हाय ही,’ मीरासाब म्हणाले. ‘उसाची मुळं खाती. ही कुंडीत जन्माला येत न्हाय, वैनी. ही रानातनं आलीया. पावणी हाय.’

आता माझं बघ. नेसरीच्या बागायतदाराच्या घरात चाळीस वर्षांहून अधिक काळ मी सून आहे. जेवताना हुमणीचं नाव मी हजारदा ऐकलं असेल. हुमणी लागली, हुमणीनं दोन एकर ऊस बसवला, वगैरे. मी मान हलवून भात वाढत असे आणि मनात समजत असे की हा काहीतरी उसाचा रोग असावा, तांबेऱ्यासारखा. ती दिसते कशी हे मी पहिल्यांदा पाहिलं ते तुझ्या अम्मीच्या बिगोनियात.

मग मात्र मला सगळं सांगावंच लागलं. जोतीराम, बुट्टी, घट, देवी, पंचगंगा, तू, अम्मी, डालड्याचा डबा, खराट्याच्या काड्या, सगळं, रांगेनं. (बटाट्यांचंसुद्धा. ते विचारलेलं नव्हतं.) मी रडत होते आणि नाक पुसायला काही नव्हतं म्हणून मीरासाबांनी त्यांचा खांद्यावरचा पंचा दिला. त्यांनी ऐकून घेतलं. मग गोणपाटावरच्या मातीकडं पाहिलं, ज्यावर त्यांचा एक पाय होता, आणि तो पाय हळूच काढून घेतला. आत जाऊन धुतलेली चादर आणली, तिच्यावर ती माती पसरून उन्हात ठेवली आणि गिऱ्हाइकांना ओरडले, ‘हिकडनं जावा, हिकडनं! देवीची माती हाय, पाय लागू देऊ नका.’ मला म्हणाले, ‘मातीचा काय दोष न्हाय. रानातली माती घरात आणायची तर आधी आठ दिस कडक उन्हात पसरायची, खालीवर करायची, चाळायची. किडं मरत्यात. मग घाला की देवाला आनि झाडाला. तुमी तिला तशीच आत घेतली.’

झाडाबद्दल ते म्हणाले, बुडखा गेला, पण वर जीव आहे. त्यांनी मुळाकडचा कुजका भाग टाकून दिला आणि वरच्या फांद्यांचे दोन-दोन डोळ्यांचे पाच तुकडे धारदार सुरीनं तिरके कापले. मला म्हणाले, पेल्यात पाणी घ्या, खालचा डोळा बुडू द्या, पाणी बदलत राहा, आणि रोज उपटून बघू नका. (हे शेवटचं त्यांनी तीनदा सांगितलं. माणसाची पारख आहे त्यांना.) हुमणीला त्यांच्या कोंबडीनं न्याय दिला.

उरलेल्या कुंड्यांचंही त्यांनीच शिकवलं, आणि तू बेंगळुरूत कुंड्या ठेवणार असशील तर तुलाही लागेल म्हणून लिहिते. वरची माती वाळल्याशिवाय पाणी नाही, आणि घालायचंच तर खालच्या बशीत घालायचं, मुळं ओढून घेतात, अर्ध्या तासानं उरलेलं ओतून टाकायचं. मातीवर बोटभर जाड वाळूचा थर. मातीत मूठभर निंबोळी पेंड. चहाचा चोथा, दूध, चटणी, काही नाही. पिवळे कागद विकतचे, आणि खिडकीत डोकं घालणाऱ्या माणसांपासून दूर. महिन्यात चिलटं गेली. शेवटचं चिलट यांच्या चहात पडलं तेव्हा मला जरा वाईटच वाटलं, इतकी सवय झाली होती.

तर फातू, असं आहे. चुनरी नाही. चुनरीच्या पाच काड्या आहेत, पाच पेल्यांत, माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीत. महिना झाला. पाचही जणींना पांढरी मुळं फुटली आहेत. रोज सकाळी मी त्यांना नावानं हाक मारते, तुझ्याशी बोलण्याआधीचा सराव म्हणून. तुझ्या अम्मीनं तुझ्यापाशी ठेवलं ते तू माझ्यापाशी ठेवलंस आणि मी त्याचे पाच तुकडे केले. मला माफ कर असं मी लिहिणार होते. पण माफी मागून मोकळं व्हायची आपली शाळेतली सवय वाईट, तेव्हा तेही लिहीत नाही. तू रागाव. फोनवर रागाव, दहा मिनिटं रागाव, मी मध्ये बोलणार नाही.

सगळ्या काड्या आत्ताच तुझ्याकडं पाठवल्या असत्या. पण मीरासाब म्हणाले की कोवळी मुळं आहेत, हा प्रवास त्यांना सोसणार नाही. म्हणून नाइलाज आहे.

मदिहाला आशीर्वाद, अबुजरला पापा.

तुझीच,
संयू

ता. क. बटाट्यांच्या भाजीबद्दल उदयसिंहांना अजून काही माहीत नाही. ते दर आठवड्याला ‘ती भाजी’ मागतात. बनाबाई म्हणतात, ‘मातीतच मुरवाय लागतं वो बटाटं.’ तू फोनवर हसू नकोस, ते शेजारीच बसलेले असतात.

आणखी एक. पत्र पाकिटात घालून पुन्हा उघडलं. वर मीरासाबांच्या नावावर लिहिलंय ते खोटं आहे. ते म्हणाले होते, ‘वैनी, वल्या कापडात गुंडाळून दिल्लीपतोर न्या, काय हुत न्हाय.’ बेंगळुरूला तर आदर्श दुपारपर्यंत पोचतो. मुळं मजबूत आहेत, फातू. सोसणार नाही ते मला. तू तिकडंच राहतेस म्हणालीस तेव्हा मी ‘बरं झालं, नातवाजवळ राहशील’ म्हणाले ना, ते दीड महिन्यातलं सगळ्यात मोठं खोटं होतं. खराट्याच्या काड्या त्यापुढं काहीच नाहीत. रविवारी चार वाजता फोन आणि बाकी सहा दिवस पेल्यांशी बोलणं, असं मला जमायचं नाही. तू नातवाजवळ राहा, रमजानपर्यंत राहा, पण ये. म्हणून कोणती काडी कुणाची ते मी ठरवलं आहे, आणि यात बदल होणार नाही:

आदर्शच्या पायाशी जो बुटांचा खोका आहे (त्यानं तो अजून दिला नसेल, त्याला मी सांगितलंय की आधी पत्र वाचू दे) त्यात ओल्या फडक्यात एक काडी आहे, ती मदिहाची. अबुजरला दाखवायची असेल तर तिला रोज पाणी घालू नका म्हणावं.

एक मीरासाबांना द्यायची. त्यांनी मागितली नाही, पण तिच्याकडं दोनदा पाहिलं.

एक बनाबाईंची. त्या डब्यातच लावणार म्हणाल्या, डालड्याचा नाही, तेलाचा.

सगळ्यात बारकी, वाकडी आहे ती माझी, तिला मी पाणी यांना विचारून घालणार आहे.

आणि सगळ्यात जोमदार, जिला कालच नवं पान आलं आणि ज्याच्यावर आत्तापासून सात ठिपके आहेत, ती तुझी. ती कुणाच्याही हाती पाठवायची नाही. मघाशी, पत्र पाकिटात घातल्यावर, मी तुझं घर उघडलं, झाडलं आणि अम्मीच्या खिडकीत तिला वाळवलेल्या, चाळलेल्या मातीत लावून ठेवलं. किल्ली माझ्याकडं आहे. ती फक्त फातिमा हिच्या हातात द्यायची, तीही कोल्हापुरात.